गोंडा, अव्वा आणि आपली नावं



नेमगोंडा, आदगोंडा, पारिसा, जिनाप्पा, तंगेव्वा, चंद्रव्वा. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातल्या आपल्या कुठल्याही घरात तीन पिढ्या मागं गेलं की ही नावं भेटतात. आजच्या मुलांना ती ऐकून हसू येतं. माझ्या नातवानं तर विचारलं, "आजी, गोंडा टोपीला असतो ना? मग तो पणजोबांच्या नावाला कशाला?" त्याचा प्रश्न रास्तच आहे. त्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?

आमच्याकडं पुढच्या महिन्यात पाळणा हलायचा आहे, त्यामुळं नावांच्या याद्या जोरात चालू आहेत. मोबाइलवरून उतरवलेली तीन रकान्यांची यादी आहे: नाव, अर्थ आणि शुभ अंक. मी एखादं जुनं नाव सुचवलं की "आई, ते फार ओल्ड फॅशन्ड वाटतं हो," असं गोड उत्तर येतं. जुनंच नाव ठेवा असा माझा हट्ट नाही. पण मी कॉमर्स शिकलेली बाई. जुनं भांडं मोडीत घालण्याआधी ते तांब्याचं की पितळेचं, वजन किती, हे बघायची सवय आहे. नावांचंही तेच करावं म्हणून हा लेख.

आधी 'गोंडा' बघू. टोपीच्या गोंड्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि गोंड आदिवासींशीही नाही. जुन्या कानडीत गावच्या प्रमुखाला 'गावुंड' म्हणत. त्याचंच पुढं 'गौड' झालं, आणि आपल्या तोंडी 'गोंडा'. म्हणजे मराठीत ज्याला आपण पाटील म्हणतो, तोच हा. आता आचार्य शांतिसागर महाराजांचं घरचं नाव आठवा. सातगोंडा भीमगोंडा पाटील. जन्म १८७२ चा, घर भोज गावचं, आईचं नाव सत्यवती. या एका नावात 'गावचा प्रमुख' हा अर्थ तीनदा आला आहे: मुलाच्या नावात, वडिलांच्या नावात आणि आडनावात. कर्मवीर भाऊराव पाटलांचंही तसंच. जन्म कुंभोजचा, १८८७ सालचा. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातल्या गोरगरिबांची पोरं शाळेत बसवली. कागदावर त्यांचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. त्या 'पायगोंडा'वर कधी कुणी थांबून विचार केला नसेल.

हा 'गावुंड' किती जुना आहे, त्याचा पुरावा आपल्या अगदी उंबऱ्याशी आहे. कागलजवळ बामणी नावाचं गाव आहे. तिथल्या जैन मंदिराशी शिलाहार राजा विजयादित्याच्या काळातला शिलालेख आहे, शके १०७३ चा. म्हणजे इसवी सन ११५१ च्या सुमाराचा. कामगावुंड नावाच्या गृहस्थानं पार्श्वनाथांचं मंदिर बांधलं आणि त्याच्या पूजाअर्चेसाठी राजानं जमीन दिली, असा त्याचा विषय. लेखात कामगावुंडाची ओळख दिली आहे ती अशी: सणगमय्य आणि चंधव्वे यांचा मुलगा, पुन्नकब्बेचा नवरा, जेंतगावुंड आणि हेम्मगावुंड यांचा बाप.

ही ओळख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं एक आपलं घर, आणि त्यातली नावं आमच्याच वहीतली वाटावीत अशी. बापाच्या नावाला 'गावुंड' आणि दोन्ही मुलांच्या नावालाही 'गावुंड'. आमच्याकडं आजोबा आदगोंडा, मुलगा नेमगोंडा, नातू पुन्हा आदगोंडा, तसंच. राज्यं बदलली. शिलाहार गेले, यादव गेले, आदिलशाही आली, मराठे आले, इंग्रज आले. गावातल्या कुणब्याच्या घरात नावाचं शेपूट मात्र तेच राहिलं. आपण व्यापारी समाज म्हणून ओळखले जातो, पण या भागातले आपण मूळचे नांगर धरणारे, गावकी सांभाळणारे. ते सांगणारा दुसरा दाखला घरात शोधून सापडणार नाही. तो नावातच आहे.

शेपटाच्या पुढचा भाग बहुतेक तीर्थंकरांचा. आदिनाथांवरून आदगोंडा आणि आदाप्पा, नेमिनाथांवरून नेमगोंडा आणि नेमाण्णा, पार्श्वनाथांवरून पारिसा, शांतिनाथांवरून शांतगोंडा, आणि नुसत्या 'जिन' शब्दावरून जिनगोंडा, जिनाप्पा. भरमू आणि भरमाप्पा ही नावं क्षेत्रपाल ब्रह्मदेवावरून, ज्यांच्या दर्शनाला आपण स्तवनिधीला जातो. 'आप्पा' म्हणजे बाप, 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ, 'अक्का' म्हणजे थोरली बहीण, 'अव्वा' म्हणजे आई. ही सगळी कानडीतली नाती. म्हणजे एका नावात देव मराठी माणसाचा, नातं कानडीतलं आणि हुद्दा गावातला. सोलापूरकडच्या आपल्या हुमड मंडळींची नावं वेगळी, ती गुजरातेतून आलेली: हिराचंद, माणिकचंद, वालचंद. उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी त्यांच्यातले. गोंडा ऐकला की शेतकरी आणि चंद ऐकला की पेढीवाला, इतकं ते स्वच्छ कळायचं.

मग हे नाव गेलं कसं? १९५६ साली भाषेवर राज्यं झाली. भोज, सदलगा, शेडबाळ ही गावं म्हैसूर राज्यात गेली, आम्ही इकडं मुंबई राज्यात राहिलो. इकडं मराठी शाळेत 'गोंडा' गावंढळ वाटू लागला. माझ्या माहेरी थोरल्या काकांचं नाव जिनगोंडा. धाकट्या काकांचंही पाळण्यातलं नाव गोंडावरच होतं, पण शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तर म्हणाले, "हे काय नाव? जिनेंद्र लिहू या." आजोबांनी मान डोलावली. तेवढ्या एका क्षणात आठशे वर्षांचं शेपूट गळालं. त्यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. मास्तरांनी भल्यासाठीच केलं. पण हा बदल आपल्या समाजानं ठरवून केलेला नाही. तो हजेरीपटावर झाला, एवढं लक्षात असावं.

याच सुमाराला घरोघरी 'साहेब' जन्माला येऊ लागले. आण्णासाहेब, आप्पासाहेब, बाबासाहेब, रावसाहेब. ही पदवी नव्हे हं, बारशाचं नाव! बाळ दुपट्यात, अजून मान धरत नाही, आणि नाव रावसाहेब. आज आपल्याला हसू येतं. पण पन्नास वर्षांनी आजच्या यादीतल्या नावांनाही अशीच कुणी हसणार आहे, याची मला खात्री आहे.

जुन्या नावांची एक गोष्ट फक्त आपल्या बायकांनाच कळेल. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही पण रीत होती. मग पोटच्या पोराला हाक कशी मारायची? त्यातून बाबू, बाळू, तात्या, धाकलू अशी घरची नावं निघाली. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला दोन नावं असायची त्याचं हे एक कारण. कागदावरचं नाव आजोबांचं, आणि जन्मभर ज्या नावानं ओळखला गेला ते आईनं अडचणीतून काढलेलं.

घरच्या नावाला कमी लेखू नका. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींना आपण गोम्मटेश्वर म्हणतो. हा 'गोम्मट' कोण? गंग राजांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी ९८१ च्या सुमारास ही सत्तावन्न फुटी मूर्ती घडवली. मूर्तीच्या पायाशी त्यांचं नाव असलेली मराठी ओळ आहे, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत तिची गणना होते. सदलग्याचे थोर पंडित डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी असं मांडलं की 'गोम्मट' हे चावुंडरायांचंच घरचं, लाडकं नाव होतं. आपण मराठीत 'गोरागोमटा' म्हणतो ना, तोच हा गोमटा. गोव्यात कोकणीत आजही चांगल्याला, सुंदराला 'गोमटें' म्हणतात. गोम्मटाचा ईश्वर तो गोम्मटेश्वर. त्यांच्यासाठी नेमिचंद्र आचार्यांनी जो ग्रंथ रचला तो गोम्मटसार. म्हणजे आई काळलदेवीनं किंवा घरातल्या कुणी ज्या नावानं त्या मुलाला हाक मारली असेल, ते नाव आज जगाला ठाऊक आहे, आणि आपण ते हात जोडून घेतो. उपाध्यांचं स्वतःचं नावही बघा, आदिनाथ नेमिनाथ. बापलेकांत दोन तीर्थंकर.

आता मुलींच्या नावांकडं येते. आपल्या पुराणातल्या बायकांनी आपली घरं भरलेली होती. राजमती, अनंतमती, चंदना, अंजना, मैना, चेलना, पद्मावती. यातलं राजमती मला फार विचार करायला लावतं. नेमिनाथ लग्नाच्या मांडवापासून परत फिरले, बांधलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. राजमतीचं लग्न झालंच नाही. दुसऱ्या कुठल्या समाजात अशा मुलीचं नाव अपशकुनी मानलं असतं. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या लेकींना हौसेनं राजमती ठेवलं, कारण तिनंही दीक्षा घेतली, रडत बसली नाही. मुलीनं संसारात पडू नये असं काही त्या आईबापांना वाटत नव्हतं. लेकीच्या अंगात तेवढं बळ असावं, असं वाटत असणार. मैना तशीच. बापाचा रोष पत्करून ती कर्मसिद्धांतावर ठाम राहिली. आदिनाथांच्या दोन लेकी ब्राह्मी आणि सुंदरी. एकीला त्यांनी लिपी शिकवली, दुसरीला अंकविद्या. कॉमर्सवाल्या बाईला 'सुंदरी' नाव आवडायला आणखी काय हवं? पण आज सुंदरी म्हटलं की सिनेमातलं गाणंच आठवतं.

'श्रीमती'ची तर गंमतच आहे. आदिपुराणात वज्रजंघ राजाची राणी श्रीमती. त्या जन्मात दोघांनी मुनींना आहार दिला, आणि पुढं तिचाच जीव श्रेयांस राजा होऊन त्यानं भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा आहार दिला, अशी कथा. अक्षय्य तृतीयेला आपण ती ऐकतो. त्यावरून मुलींची नावं श्रीमती असत, बोलण्यात श्रीमंती. आचार्य विद्यासागर महाराजांच्या आईचं नाव श्रीमंतीच. पुढं सरकारी कागदात 'श्रीमती' ही बाईच्या नावाआधी लावायची पदवी झाली. आमच्या नात्यातल्या एक आत्या अशा होत्या. त्यांच्या नावाचा अर्ज कुठंही दिला की कारकून म्हणायचा, "बाई, श्रीमती झालं, आता नाव सांगा." त्या शांतपणे म्हणायच्या, "तेच सांगितलं."

यावरून एक लक्षात येतं. नाव विचित्र नसतं, त्याच्या भोवतीची भाषा सरकते. दशलक्षणात आपण दहा धर्म म्हणतो. क्षमा, मार्दव, आर्जव, संयम ही नावं आज मुलामुलींना ठेवतात, फार गोड वाटतात. पण त्याच दहांत 'शौच' आहे, म्हणजे मनाची शुचिता, लोभाचा अभाव. ठेवील का कुणी बाळाचं नाव शौच? शब्द तोच, धर्म तोच, पण बोलण्यात त्याची काय दशा झाली! नेमगोंडाचं तेवढं वाईट झालेलं नाही. त्याचा अर्थ आपण विसरलो, एवढंच.

सगळीच जुनी नावं चांगली होती असं मात्र मी म्हणणार नाही. मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू ठेवत, तिथवर ठीक. पण तिसरी-चौथी मुलगी झाली की 'नकुसा', 'नकोशी' हे आपल्याच सातारा-सांगलीकडचं पाप आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८० हून जास्त मुलींना एका समारंभात नवी नावं देण्यात आली. तोवर शाळेच्या पटावर, वर्गात रोज हजेरी देताना त्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी कुणाला नको आहे. अहिंसा परमो धर्म म्हणणाऱ्या घरांत असं नाव कधी नव्हतंच, असं छातीवर हात ठेवून किती जणी म्हणू शकतील? मुंगी मरू नये म्हणून पीठ चाळून घेणाऱ्या आपण. नावानंही हिंसा होते. अशी परंपरा बुडाली तर तिचं सुतक पाळायचं कारण नाही.

आणि मुलीला चांगलं नाव मिळालं तरी ते टिकायचं कुठं? लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव काढायचं, आणि वीस वर्षं ज्या नावानं हाक आली ते संपलं. काही जणींना ते आवडायचंही, मी नाकारत नाही. पण परिणाम काय झाला ते सांगते. आमच्या सासऱ्यांनी घराण्याची वंशावळ एका लांब वहीत लिहून ठेवली होती. वही जीर्ण झाली म्हणून मी गेल्या चातुर्मासात ती नव्या वहीत उतरवली. सात पिढ्या, एक्केचाळीस पुरुष. त्यांतले सतरा गोंडा आणि नऊ आप्पा. बाईचं नाव एकही नाही. एक्केचाळीस माणसं कुणाच्या पोटी आली ते त्या वहीत कुठंच नाही. ताळेबंदाची एकच बाजू लिहिलेली, आणि तरी वही पुरी झाली असं समजायचं!

मी दुसरा रकाना पाडला आणि नावं शोधायला लागले. थोरल्या जाऊबाईंना विचारलं, नणंदांना फोन केले, गावच्या बस्तीतल्या दानाच्या फरश्या वाचल्या. सगळ्यांत जास्त कामी आली ती माळ्यावरची भांडी. लग्नात आलेल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं ना, ते चिंच-मिठानं घासून भिंगातून वाचलं. माझ्या आजेसासूबाईंना सगळे पद्मावती म्हणून ओळखायचे. त्यांच्या माहेरच्या तांब्याच्या घागरीच्या गळ्यावर नाव निघालं 'तंगेव्वा'. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. चार भावांची ती धाकटी, हे आम्हाला ठाऊक होतं. पण लहानपणी तिला 'तंगेव्वा' म्हणून कुणी हाक मारत होतं, हे त्यांच्या मुलालाही, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही, माहीत होतं की नाही कोण जाणे. घागर नसती तर ते नाव जगातून गेलंच होतं. एक्केचाळीसपैकी सव्वीस रकाने भरले. पंधरा रिकामे आहेत आणि ते आता बहुधा रिकामेच राहतील.

म्हणून बामणीच्या त्या लेखाकडं मी पुन्हा पुन्हा जाते. कामगावुंडाची ओळख देताना लिहिणाऱ्यानं आई चंधव्वे आणि बायको पुन्नकब्बे दोघींची नावं दगडात कोरली. 'अव्वे' आणि 'अब्बे' दोन्हीचा अर्थ आईच. तेच आपल्या आज्यांच्या नावातलं 'अव्वा'. आणि हे एखादंच उदाहरण नव्हे. दहाव्या शतकातली अत्तिमब्बे. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिनं स्वतःच्या खर्चानं लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही! होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला. तिनं ११२३ मध्ये श्रवणबेळगोळला बस्ती बांधली. तिच्या आईचं नावही आपल्याला माहीत आहे, माचिकब्बे. तिनं सल्लेखना घेतली त्याचा लेख आहे. ज्या काळाला आपण मागासलेला म्हणतो त्या काळातल्या आईची, बायकोची, सासूची नावं दगडावर आहेत. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या, माझ्याच घरातल्या पंधरा बायकांची नावं कागदावरसुद्धा नाहीत. पुढं जाता जाता आपण काय सांडलं ते यात दिसतं.

आता जरा बरी बातमी. महाराष्ट्र सरकारनं निर्णय केला आहे की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. कुणी याला नवं फॅड म्हणेल. मला तर वाटलं, चंधव्वेचा हक्क चंधव्वेच्या नातींना परत मिळाला. फक्त आता त्या जागेवर काय लिहिलं जातं याची काळजी आपण घ्यायची. सुनेचं जन्माचं नाव तिचंच राहू द्या. लग्नात तांदळात नाव काढायची हौस असेल तर काढा, पण तिचंच काढा. आमच्याकडं मी तसंच करायला लावलं. भटजींना, म्हणजे आपल्या उपाध्यायांना, दोन मिनिटं कळेना. मग त्यांनाही आवडलं.

राहिला बाळाच्या नावाचा प्रश्न. नव्या नावांना माझा विरोध नाही. जिनय, अर्हम, समकित, विरती अशी आजची नावं ऐकून बरंच वाटतं. मुलं शहरात, परदेशात वाढणार, नाव चार लोकांना उच्चारता यावं, हेही पटतं. माझा राग आहे तो बनावट अर्थांवर. यादीतल्या एकाच नावाचे तीन ठिकाणी तीन अर्थ निघाले: एकीकडं सूर्याचा किरण, दुसरीकडं विष्णूचा अंश, तिसरीकडं आनंद. शब्दकोशात बघितलं तर शब्दच नाही. सोन्याचा मुलामा दिलेला दागिना अस्सल म्हणून विकावा तसं हे. शब्द कानाला गोड वाटतो म्हणून ठेवा की खुशाल, त्याला खोटी संस्कृत वंशावळ कशाला जोडायची? सत्य हाही दशलक्षणातलाच धर्म आहे.

आणि "सगळी नावं झाली हो, नवीन उरलंच नाही," असं कुणी म्हणत असेल तर आपल्या आचार्यांनी त्याची तोड अकराशे वर्षांपूर्वी काढून ठेवली आहे. नवव्या शतकात जिनसेन आचार्यांनी आदिपुराणात गर्भापासूनच्या त्रेपन्न क्रिया सांगितल्या. त्यात नामकर्म आहे. जन्मानंतर बारा दिवस झाले की चांगला दिवस बघून वंश वाढवणारं, प्रशस्त नाव ठेवावं. आणि ठरत नसेल तर जिनेंद्रांच्या एक हजार आठ नावांच्या चिठ्ठ्या लिहून घड्यात घालाव्यात, आणि त्यांतली एक काढावी. बघा, किती छान! ना अंकाचा घोळ, ना रुसवेफुगवे, ना "तुमच्याकडच्यांनी ठरवलं, आमच्याकडच्यांना विचारलं नाही". घरातल्या कुणा लहानग्यानं हात घालायचा आणि येईल ते नाव देवाचंच. एक हजार आठ चिठ्ठ्या लिहायचं काम मात्र आजीकडं येणार. मी वहीची पानं कापायला घेतली आहेत. सून आधी हसली, मग म्हणाली, "आई, चिठ्ठी काढू, पण त्यात माझी पाच नावंही घालायची." ठरलं. एक हजार तेरा चिठ्ठ्या.

मुलगी झाली तर माझ्या मनात 'शांतला' आहे. जुनं म्हणून कुणी नाक मुरडणार नाही इतकं ते आजचं वाटतं, आणि नऊशे वर्षांची पुण्याई पाठीशी आहे. मुलगा झाला तर नेमगोंडा ठेवा असं मी म्हणणार नाही. 'नेमि' ठेवलं तरी पुरे. गोंड्याचा अर्थ मी नातवाला सांगितला आहे, तो आता वर्गात पणजोबा गावचे प्रमुख होते म्हणून मिरवतो.

नाव कुठलंही ठेवा, पण दोन कामं करा. ते नाव कुणी सुचवलं, का ठेवलं, कशावरून ठेवलं, हे चार ओळींत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पिढीला अंदाज बांधावे लागणार नाहीत. आणि आपल्या आईचं, सासूचं, दोघींच्या आयांचं लग्नाआधीचं नाव काय होतं ते विचारा. सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारा. माळ्यावरची भांडीही एकदा खाली काढा, मोडीत देण्याआधी गळ्याशी आणि बुडाशी काय कोरलंय ते नीट वाचा.